बिराजदार सरांचे दोन बोल्ट

ब्रेकचा आवाज येतो म्हणून संगमेश्वर बिराजदार सर गाडी घेऊन खाजामियाँच्या गॅरेजवर गेले, आणि ब्रेक तसेच ठेवून भांडण घेऊन घरी आले.

भांडण म्हणजे तरी काय, खाजामियाँ जवळजवळ काही बोललाच नव्हता. त्यानं पुढच्या चाकाशी उकिडवं बसून आत बॅटरीचा उजेड टाकला, जिभेनं ‘च्यक्’ केलं आणि सांगितलं, "सर, ब्रेक पॅड संपले. नवे टाकावे लागतेत. पण मागचे दोन बोल्ट गंजून बसलेत. गाडी दोन दिवस ठेवून जावा."

"दोन बोल्टांना दोन दिवस?"

"जबरदस्ती केली की तुटतेत सर. त्याला इज्जतीनं काढावं लागतं."

"इज्जतीनं!" सर म्हणाले. "अहो, बोल्ट आहे तो, जावई नाही." आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीच्या धुळकट बॉनेटवर त्यांनी बोटानं सूत्र लिहिलं: बल गुणिले अंतर. पाना जितका लांब, तितका जोर कमी. मग गॅरेजवर थांबलेल्या तिघा गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "ह्याला डोकं लागत नाही, खाजामियाँ. फक्त दांडा लांब लागतो."

खाजामियाँ "बरं सर" म्हणाला आणि फडक्यानं बॉनेट पुसून टाकलं. गाडी दुसऱ्याची होती.

सर नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवत होते. मूळचे लातूरकडचे, त्यामुळे शिक्षण या विषयावर नांदेडात आपल्याला कुणी काही सांगू नये अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांना फिजिक्स येतं ती, आणि ज्यांना इतरांच्या गाड्या दुरुस्त कराव्या लागतात ती. स्वतः सरांनी आयुष्यात उघडलेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे प्रश्नपत्रिकेचं सीलबंद पाकीट. पण पाकीट उघडताना ते घड्याळात बघून जो चेहरा करत, तोच चेहरा करून त्यांनी रविवारी सकाळी ज्ञानदीप कॉलनीच्या तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली.

गल्लीच्या तोंडाशीच का, तर बाकी गल्लीत सपाट जागा नव्हती. ही गल्ली पुढं नाल्याच्या भिंतीला जाऊन संपते. बारा घरं, आणि मध्ये अकरा वर्षांपासून ‘मंजूर’ असलेला रस्ता. रस्ता मंजूर होता म्हणून खड्डे कुणी बुजवत नव्हतं, आणि खड्डे होते म्हणून रस्ता मंजूर होता. फक्त तोंडाशी कुणीतरी कधीतरी टाकलेला मुरूम दाबून घट्ट झालेला होता. तिथं जॅक नीट बसेल, असं सरांनी ठरवलं. बाजूनं मोटारसायकल सहज जात होती, आणि कार एक चाक नालीत घालून.

काम सुरू करण्याआधी सरांनी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘स्वावलंबन’ या विषयावर चौदा ओळी टाकल्या. मग कॉलेजच्या क्रीडा दिनाचा टी-शर्ट घालून, बायकोची योगासनांची चटई गुडघ्याखाली घेऊन ते कामाला बसले. चाकाचे चार नट पान्यावर पाय देऊन उघडले. चाक निघालं. सरांनी चाकाचा फोटो ग्रुपवर टाकला. सात अंगठे आले. सरांनी अंगठे मोजले, म्हणून आकडा पक्का आहे.

चाकाच्या मागं एक लोखंडी तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चावून धरणारा एक लोखंडी जबडा. तोच ब्रेक. हा जबडा दोन बोल्टांवर बसतो, आणि त्या बोल्टांची डोकी आतल्या अंगाला, गाडीच्या पोटाकडे असतात. एखादा साधा माणूस आत डोकं घालून पाना लावतो आणि फिरवतो. सर साधे नव्हते. त्यांनी आधी पायरीवर बसून कागदावर आकृती काढली. बोल्टाचं डोकं पलीकडे, आपण अलीकडे. म्हणजे दिशा उलटी. म्हणजे एरवी बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो, हा उजवीकडे फिरवला की सुटेल. आकृतीखाली त्यांनी ‘म्हणून’चे तीन ठिपके काढले आणि उत्तराला चौकट केली.

इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. आकृती अगदी बरोबर होती. बाहेर पायरीवर बसलेल्या माणसासाठी बरोबर होती. त्यानंतर सर उठले, चटई पसरली, गाडीखाली उताणे झाले, डोकं आत घातलं आणि बोल्टाच्या डोक्याकडे समोरासमोर बघत पाना उजवीकडे फिरवायला लागले. म्हणजे त्या दिवशी पुढं जो पराक्रम झाला, तो बोल्ट सोडवण्याचा नव्हता. तो बोल्ट आवळण्याचा होता. आणि ही गोष्ट पाचवी नापास माणसालाही कळली असती, म्हणूनच ती सरांना कळली नाही.

बोल्ट हलला नाही. गंजलेला होताच, त्यात सर त्याला पाठिंबा देत होते.

"सर, काय करून राहिले?" समोरच्या घरातून ग्यानोबा काका आले. हदगावचे, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ आणि मतं दोन्ही भरपूर होती.

"बोल्ट काढतोय."

"असा न्हाई निघायचा. डिझेल टाका. डेपोत आमी डिझेलच टाकत होतो. चार तास भिजू द्या, लोण्यावानी निघंल."

"तुम्ही काढलेत असे?"

"मी कशाला काढू? मेकॅनिक काढायचा. मी शिटावर बसून बघत होतो."

डिझेल टाकलं. मग शेजारचे सिद्धलिंग अप्पा आले. अप्पा एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, त्यामुळे कुठल्याही वस्तूला जागचं न हलवता वर्षानुवर्षं तिच्याकडे बघत राहण्याचा त्यांना मोठा अनुभव. त्यांनी अर्धा तास बोल्टाकडे बघून कोल्ड्रिंक ओतायला सांगितलं. कोल्ड्रिंकनं गंज जातो असं त्यांच्या भाच्यानं पाठवलेल्या व्हिडिओत होतं. सरांच्या उदगीरच्या मेव्हणीनं फोनवर लिंबू आणि खायचा सोडा सुचवला. दुसऱ्या एकानं रॉकेल आणून दिलं. इतकी वर्षं त्यानं ते कुठं दडवून ठेवलं होतं, देव जाणे. दुपारपर्यंत त्या दोन बोल्टांनी डिझेल, रॉकेल, कोल्ड्रिंक, लिंबू-सोडा आणि सिंधूताईंच्या देवघरातलं तिळाचं तेल पचवलं होतं. माणूस असता तर दवाखान्यात न्यावा लागला असता. बोल्टांना मुंग्या लागल्या, एवढंच झालं.

सिंधूताई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या दर तासाला फाटकाशी येऊन बघत आणि आत जात. एकदाच म्हणाल्या, "अहो, खाजामियाँला बोलवू का?"

"मी सूत्र लिहून दिलंय त्याला," सर गाडीखालून म्हणाले. "आता त्यालाच बोलवू?"

चार वाजता ग्यानोबा काका बोअरच्या दुरुस्तीतून उरलेला सहा फुटी लोखंडी पाईप खांद्यावर टाकून आले. पाईप बघताच सरांचे डोळे चमकले. बल गुणिले अंतर! पान्याचा दांडा पाईपात घातला. गाडीच्या पोटातून पाईपचं दुसरं टोक बाहेर रस्त्यावर आलं. सर आत पाना धरून झोपले आणि बाहेर पाईपला माणसं लागली. आधी दोन, मग पाच. रविवार असल्यामुळे आणि दुसरं काही चालू नसल्यामुळे शेवटी चौदा. अप्पांनी पाईपला हात लावला नाही, त्यांनी देखरेख केली.

"एक, दोन, तीन!" सर आतून ओरडले.

बोल्ट कर्रर्र वाजला आणि हलला.

गल्लीत असा जल्लोष पूर्वी फक्त नळाला पाणी आल्यावर झाला होता. सरांनी आतूनच जाहीर केलं, "हलला! तरफेचा नियम आहे हा!" दुसऱ्या बोल्टालाही तसाच मान दिला. तो पाव वळसा फिरला आणि त्याचं डोकं गोलमटोल झालं, पाना नुसता घसरायला लागला. मग सगळे परत पहिल्याकडे वळले. एक, दोन, तीन. या वेळी आवाज आला, ‘टण्ण’, आणि चौदा माणसं एकमेकांवर पडली.

सर गाडीखालून सरपटत बाहेर आले. कपाळावर काळं, कानात तिळाचं तेल, आणि उंचावलेल्या मुठीत काहीतरी.

"निघाला!"

मूठ उघडली. आत बोल्टाचं नुसतं डोकं होतं. उरलेला बोल्ट जागेवरच होता, आणि आता त्याला धरायला जगात काही नव्हतं. एका बाजूनं सुटलेला जबडा तिरका होऊन तबकडीवर अडकून बसला. चाक परत बसवून बघितलं तर ते त्या जबड्यावर आपटत होतं. गाडी पुढं जाईना, मागं येईना. तिच्या एका अंगाखाली विटा रचून सगळे आपापल्या घरी गेले. सगळ्यांना एकदम कामं आठवली होती.

सोमवारी सकाळी स्कूटीवरून एक बाई आल्या. डोक्यावर टोपी, हातात मोजमापाची टेप, सोबत ठेकेदाराचा माणूस. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी विटांवर टेकलेली गाडी बघितली आणि गाडीशेजारी उभे असलेले सर बघितले.

"नमस्कार सर. ओळखलंत का? पंचशीला नरवाडे. तुमची दोन हजार अकराची बॅच."

"हो हो, म्हणजे काय!" सर म्हणाले. त्यांना अजिबात आठवत नव्हतं.

"आता कनिष्ठ अभियंता आहे, रस्त्यांकडे. सर, तुमच्या गल्लीचा रस्ता निघाला. परवा बुधवारी सकाळी काँक्रीट टाकायचंय. मशीन लातूरहून निघालंय. एवढी गाडी तेवढी काढून घ्या."

"गाडी सध्या तांत्रिक अवस्थेत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हलत नाही," फाटकातून सिंधूताई म्हणाल्या.

पंचशीला मॅडमनी टेप गुंडाळून घेतली. "सर, आज किती तारीख आहे ते तुम्हाला सांगायला नको. मार्च संपला की निधी परत जातो. इथनंच सुरुवात करायची हाय, मशीन आत शिरलं पाहिजे. अडलं तर मला चौथ्या गल्लीत टाकावा लागंल."

चौथी गल्ली! तिथं आधीच रंगीत पेव्हर ब्लॉक होते. पहिल्या मजल्यांवरून, गच्च्यांवरून, फाटकांतून ‘चौथी गल्ली’ हे शब्द ऐकू आले आणि दहा मिनिटांत सगळी तिसरी गल्ली रस्त्यावर आली. रविवारी पाईपला लोंबकळलेला प्रत्येक माणूस आता, आपण आधीच सरांना नको म्हणत होतो, असं दुसऱ्याला सांगायला लागला. ग्यानोबा काकांनी आपला पाईप गुपचूप घरात नेऊन ठेवला.

ढकलून झालं. उचलून झालं. ठेकेदाराच्या माणसानं जाता जाता सुचवलं, "जेसीबीनं उचलून नाल्यात ठेवू का?"

"ती गाडी आहे!" सर म्हणाले.

"हाव, म्हणूनच इचारलं."

तेव्हा सिद्धलिंग अप्पांनी घसा खाकरला. गाड्या उचलायची क्रेन एका ऑफिसात असते, आणि तिथले लोक आपल्या ओळखीचे आहेत. त्या ऑफिसचं नाव इथं कशाला घ्या. अप्पांच्या ओळखीनं काम झालेलं कुठलंच ऑफिस कुणाला माहीत नव्हतं. तरी दुपारी सर आणि अप्पा तिथं गेले. खिडकीतल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं.

"क्रेन मिळंल. पण फक्त बेवारस गाडीला मिळती. तुमची बेवारस हाय का?"

"नाही. मी आहे ना."

"मग न्हाई मिळत."

सरांनी त्याला पाच मिनिटं तर्कशास्त्र समजावलं. कारकून म्हणाला, "साहेब, नियम हाय," आणि चहा घ्यायला गेला. अप्पांनी सरांना बाजूला नेलं. "अहो, नुसतं अर्जात लिहायचं. बेवारस म्हणायचं, क्रेन आणायची, गाडी उचलायची, मग मालक म्हणून हजर व्हायचं. पस्तीस वर्षं हेच बघितलंय मी." सरांनी बराच वेळ काचेवर चिकटवलेलं माहितीच्या अधिकाराचं पत्रक वाचलं. मग खाली बसून स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला: ‘सदर वाहन अनेक दिवसांपासून बेवारस स्थितीत उभे असून रहदारीस अडथळा होत आहे.’ छापील नमुन्यात एक प्रश्न होता, अर्जदार सदर वाहनाच्या मालकास ओळखतो काय? सरांनी लिहिलं, नाही. आणि खाली सही केली.

मंगळवारी सकाळी क्रेन आली नाही. एक शिपाई आला, त्यानं गाडीच्या काचेला भरपूर खळ लावून नोटीस चिकटवली आणि निघून गेला. मालकाने सात दिवसांत कागदपत्रांसह हजर व्हावे. तोपर्यंत सदर वाहनास कोणी हात लावल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल. क्रेन सात दिवसांनंतर.

म्हणजे कालपर्यंत सरांना गाडी हलवता येत नव्हती. आता हात लावता येत नव्हता.

सिंधूताईंनी नोटीस पूर्ण वाचली, अर्जाची पोचपावती पूर्ण वाचली. "बारा वर्षं ह्या गाडीत बसतेय मी," त्या म्हणाल्या. "कुणाच्या गाडीत बसत होते, ते तरी सांगा आता."

सर आत जाऊन बारावीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसले. एका मुलानं तरफेची व्याख्या चुकवली होती. सर लाल पेन हातात धरून त्या चुकीकडे बघत राहिले, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलाचा राग आला नाही. बाहेर गल्ली बोलत होती. ‘एका माणसापायी’ एवढे दोनच शब्द प्रत्येक वाक्यात होते आणि ते भिंतीतूनही ऐकू येत होते. भर दुपारी बारा वाजता सर उठले, चप्पल घातली आणि चालत निघाले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. गॅरेजपर्यंतच्या वाटेत त्यांनी मनातल्या मनात भाषण तयार केलं. त्यात ‘क्षमा’ हा शब्द नव्हता. ‘एक छोटासा तांत्रिक प्रश्न’ असे शब्द होते.

खाजामियाँ टायरवर बसून डबा खात होता. त्यानं सरांकडे बघितलं, मग सरांच्या हाताकडे. दोन्ही तळहातांना फोड होते.

"तुटला ना?" तो म्हणाला.

"एक."

"आन् दुसरा?"

"त्याचं डोकं गोल झालंय."

भाषण तिथंच संपलं. खाजामियाँनं शांतपणे घास संपवला, हात धुतले, डबा पुसून बंद केला. सर उभेच होते. त्यांना बसायला सांगायची खाजामियाँला घाई नव्हती, आणि सरांनीही ती अपेक्षा केली नाही.

"येतो," शेवटी तो म्हणाला. "पण एक अट हाय सर. मी काम करत असताना मला कुणी समजावून सांगायचं न्हाई."

वेल्डिंगचं मशीन रिक्षात टाकून खाजामियाँ गल्लीत आला तेव्हा बाराही घरं बाहेर आली होती. त्यानं आधी काचेवरची नोटीस वाचली आणि दोन पावलं मागं सरकला. "हे सरकारी कागद हाय. मी न्हाई हात लावत. बुढापे में केस नको मला."

पंचशीला मॅडमना फोन गेला. त्या आल्या, त्यांनी नोटीस वाचली, मग गाडीच्या पुढं जाऊन नंबरप्लेट वाचली, मग परत नोटीस वाचली.

"सर, ही नोटीस तुमच्या गाडीची नाहीच. तुमची गाडी लातूर पासिंगची, एमएच चोवीस. ह्यात सव्वीस लिहिलंय. नांदेडचा माणूस, सवयीनं सव्वीस लिहून गेला असंल."

"मग ती सव्वीसवाली गाडी कुठाय?" ग्यानोबा काकांनी विचारलं.

"ते ऑफिस शोधंल. त्यांच्याकडं सात दिवस हायत," मॅडम म्हणाल्या आणि खाजामियाँकडे वळल्या. "चाचा, करा सुरू. दुसऱ्याच्या गाडीचा कागद वाऱ्यानं उडून इथं चिकटलाय, एवढंच."

खाजामियाँ गाडीखाली सरकला. मग आतून त्याचा आवाज आला, आणि त्या आवाजात राग नव्हता, निखळ कुतूहल होतं.

"सर, हे आवळलं कुणी?"

"आवळलं नाही. सोडवत होतो."

"न्हाई न्हाई. आवळलंय. कंपनीत पण इतकं आवळत न्हाईत. किती माणसं होती?"

"चवदा!" ग्यानोबा काका अभिमानानं म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन बायकोच्या मागं जाऊन उभे राहिले.

गल्लीतल्या चौदा माणसांनी चौदा दिशांना बघितलं. सर मात्र ताडकन आत गेले आणि आकृतीचा कागद घेऊन आले. काही झालं तरी कागद बरोबर होता. तो त्यांनी गाडीखाली सरकवला. खाजामियाँनं पाठीवर पडल्या पडल्या, बॅटरीच्या उजेडात, नीट सावकाश बघितला.

"नकाशा एकदम बरोबर हाय सर," तो म्हणाला. "फक्त ह्यात तुमी कुठायत?"

सरांनी कागद परत ओढून घेतला. बाहेरून काढलेली आकृती. आत झोपलेला माणूस. सरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

पंचशीला मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "सर आम्हाला नेहमी सांगायचे," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "निरीक्षक कुठं उभा हाय ते आधी लिहा. न्हाई लिहिलं की अर्धे मार्क कापायचे. माझे चार वेळा कापलेत."

त्यानंतर जे झालं त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणूनच ते बरोबर झालं. खाजामियाँनं तुटलेल्या बोल्टाच्या बुंध्यावर एक नट ठेवून वेल्डिंगनं चिकटवला. गोल झालेल्या डोक्यावरही तसाच. लोखंड लाल झालं, मग त्यानं ते निवू दिलं. घाई केली नाही. पाना लावून जरासं सोडवायचं, जरासं परत आवळायचं, परत जरासं सोडवायचं, आणि मध्येच त्याच्याशी दखनीत काहीतरी पुटपुटायचं, असं चाललं होतं. सिंधूताईंचा चहा उकळून गाळून बाहेर येईपर्यंत दोन्ही बोल्ट चटईवर पडले होते. तेल प्यालेले जुने पॅड फेकून नवे बसवले, नवे बोल्ट लावले, चाक चढवलं. सिंधूताईंनी पहिला कप खाजामियाँला दिला. सरांना त्या दिवशी कप मिळाला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

खाजामियाँनंच गाडी चालवत गल्लीबाहेर काढली, मोठ्या रस्त्याच्या कडेला लावली आणि चावी सरांच्या हातात दिली. सर म्हणाले, "खाजामियाँ, त्या दिवशी मी..." आणि थांबले. बावीस वर्षं वर्गात बोललेल्या माणसाला पुढचं वाक्य येईना.

"असू द्या सर," खाजामियाँ म्हणाला. "ते बॉनेट तेव्हाच पुसलं होतं मी." आणि मशीन रिक्षात टाकून तो गेला.

बुधवारी सूर्य उगवायच्या आत मशीन आलं. अकरा वर्षांनी रस्ता बघायचा म्हणून लोकांनी फाटकांत खुर्च्या टाकल्या होत्या. गल्लीच्या तोंडापासून नाल्याच्या भिंतीपर्यंत, एका नालीपासून दुसऱ्या नालीपर्यंत, गुळगुळीत काँक्रीट पसरत गेलं. ग्यानोबा काकांनी नारळ फोडला. अप्पांनी ‘पाठपुराव्याला यश’ असा मेसेज ग्रुपवर टाकला आणि पाठपुरावा कुणाचा, ते मोघम ठेवलं. संध्याकाळी कामगारांनी त्यावर ओली पोती अंथरली. पंचशीला मॅडमनी शेवटची फेरी मारली आणि हात झटकले.

"छान झाला. आता एकवीस दिवस पाणी मारा. नाल्यांवर फळ्या टाकल्यात, कडेकडेनं चालत जायला हरकत नाही. पण गाडी अजिबात नाही. सायकलसुद्धा नाही."

गल्लीनं मान डोलावली. मग हळूहळू एकेक मान मागं वळली. पोर्चमध्ये, जिन्याखाली, फाटकाच्या आत उभ्या होत्या एकोणीस मोटारसायकली आणि स्कूटर, चार मोटारी आणि अप्पांच्या जावयाची कालच मुक्कामाला आलेली नवीकोरी गाडी. दोन दिवस अख्खी गल्ली सरांच्या गाडीकडे बघत होती. आपली गाडी बाहेर काढून ठेवायची हे बारा घरांत एकालाही सुचलं नव्हतं. पुढं ओलं काँक्रीट, मागं नाल्याची भिंत.

तिसऱ्या गल्लीचं एकच वाहन बाहेर उभं होतं.

गुरुवारी सकाळी फळ्यांवरून तोल सावरत सर मोठ्या रस्त्यावर आले तेव्हा गाडीभोवती आधीच माणसं उभी होती. ग्यानोबा काकांना बँकेत जायचं होतं, पेन्शनचा दाखला द्यायला. अप्पांच्या जावयाला लातूरची बस गाठायची होती. ‘एका माणसापायी’ सगळ्यात मोठ्यानं म्हणणाऱ्या कोपऱ्यावरच्या बाई, मुलीचा हात धरून, तिला परीक्षेला सोडायचं म्हणून, पदर नीट करून गोड हसत होत्या. अप्पा स्वतः कुठं जायचं ते न ठरवता आले होते. गाडी जातेय तर बसावं, इतकंच.

सर सगळ्यांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा फुलायला लागला. घसा साफ केला. गाडीत दाटीवाटीनं बसणारी पाच माणसं, दारं बंद, आणि कॉलेजपर्यंत वीस मिनिटं. तरफेपासून सुरुवात करता आली असती.

कुणीच दार उघडलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत उभे. शेवटी ग्यानोबा काकांनी पुढच्या चाकाकडे बघत विचारलं, "सर, ते ब्रेक... लागतेत ना?"

सरांनी चावी हातातल्या हातात फिरवली.

"खाजामियाँनी बसवलेत," ते म्हणाले. "मी हात लावलेला नाही."

आणि पाचही जण पटापट आत बसले.